गच्चीवरचा पाऊस, जमिनीखालची साठवण

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दोन तारखांपासून सुरुवात करतो. पहिली तारीख १८ जुलै २०२१. आदल्या रात्रीपासून मुंबईच्या उपनगरांत इतका पाऊस झाला की भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पावसाचे पाणी शिरले. यंत्रणा बंद ठेवावी लागली, शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला आणि पाणी उकळून प्या, अशी सूचना महापालिकेला करावी लागली. दुसरी तारीख १० एप्रिल २०२५. भूजल उपशाच्या परवान्यांवरून विहीरमालकांना नोटिसा गेल्या होत्या आणि त्या वादातून मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप पुकारला. चार-पाच दिवस टँकर फिरले नाहीत. तेव्हा कित्येक सोसायट्यांना प्रथमच जाणवले की आपण बागेला घालतो, गाड्या धुतो, संडासाच्या टाकीत भरतो, ते पाणी कुठल्या तरी विहिरीतून उपसलेले असते.

एका तारखेला पाणी इतके की आवरता येईना आणि दुसऱ्या तारखेला विहिरीचे पाणी हवे तर टँकरची वाट पाहायची. गाव तेच, माणसे तीच. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि पाणी बारा महिने लागते, त्यामुळे मधल्या आठ महिन्यांसाठी ते कुठे तरी साठवावे लागते. मुंबईने ही साठवण फार लांब केली आहे. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा हे जलाशय नाशिक, पालघर आणि ठाणे जिल्ह्यांत आहेत. विहार आणि तुळशी हे दोन तलाव तेवढे मुंबईतले, दोन्ही एकोणिसाव्या शतकातले. बाहेरून येणाऱ्या या पाण्यातला मोठा हिस्सा भांडुपला शुद्ध होऊन मुंबईभर जातो. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येते, तिथल्या अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट नळ उघडताना आपल्याला सहसा आठवत नाही.

मग भांडुपवर जो पाऊस पडतो, त्याचे काय होते? तो डोंगरावरून नाल्यात, नाल्यातून ठाण्याच्या खाडीत जातो. काही तासांत सगळा खेळ आटोपतो. त्यातला काही भाग थांबवून आपल्याच पायाखालच्या खडकात साठवता येईल का, हा आजचा विषय. याला भूजलाचे कृत्रिम पुनर्भरण म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. पाणी जमिनीत आपोआप जेवढे मुरते, त्यापेक्षा जास्त मुरावे म्हणून आपण त्याला वाट करून देणे. अडचण अशी की ही वाट सगळीकडे सारखी नसते.

खडकाच्या पोटात जागा किती?

जमिनीखाली नद्या वाहतात, तळी असतात, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे तसे काही नाही. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि निवाले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, कठीण असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे तो भोकाभोकांचा होतो. विहीर खणणारी माणसे त्याला मांजऱ्या खडक म्हणतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा, चिकणमातीसारखा एक तांबडा पट्टा लागतो. आणि सगळ्यात वर, ऊनपावसाने हजारो वर्षे झिजून झालेला मुरूम असतो.

पाणी राहते ते या मुरमात, पाषाणाच्या भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत, त्याही एकमेकींना जोडलेल्या असतील तर. पाणी धरून ठेवणाऱ्या आणि विहिरीला ते देऊ शकणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. घट्ट पाषाणात भेग नसेल तर शेकडो फूट बोअर मारले तरी धूळच वर येते, आणि शेजारच्या बोअरला मात्र वीस-तीस मीटरवर पाणी लागते. यात नशिबाचा भाग नाही. एक बोअर भेगेत गेले, दुसरे गेले नाही.

आता एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. आपल्या बसाल्टमध्ये शंभर लिटर आकाराच्या खडकातून विहिरीला मिळू शकणारे पाणी साधारण एक ते तीन लिटर असते. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळात हेच प्रमाण दहा-पंधरा लिटरपर्यंत जाते. म्हणजे आपला जलधर हा लहान तोंडाचा आणि लहान पोटाचा रांजण आहे. तो लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. कोकणात जुलैमध्ये काठोकाठ भरलेल्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण उतार. जमिनीत शिरलेले पाणीही उताराच्या दिशेने हळूहळू निघून जात असते.

गच्चीचा हिशेब

मुंबईच्या उपनगरांत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हिशेबाला सोपे म्हणून दोन हजारच धरू. पाचशे चौरस मीटर गच्चीवर तेवढा पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी झाले. पहिल्या सरींची घाण सोडून दिली, उडून आणि वाया जाणारे वजा केले, तरी आठ लाख लिटर उरते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे ऐंशी टँकर झाले. हा आकडा ऐकून सोसायटीच्या सभेत सगळ्यांचे डोळे विस्फारतात आणि लगेच खड्डा खणायचा ठराव होतो.

पण पाणी असे वर्षभर थेंबथेंब येत नाही. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस मुंबईला नवा नाही. त्या एका दिवशी या गच्चीवरून पन्नास हजार लिटर पाणी खाली येईल. सोसायटीने दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्डा केला, तर त्यात आठ हजार लिटर मावते. त्यात गोटे आणि खडी भरली की पोकळी उरते जेमतेम अडीच-तीन हजार लिटरची. आता समजा तळाचा मुरूम चांगला आहे आणि तासाला दहा सेंटीमीटर पाणी पितो. चार चौरस मीटरच्या तळातून तासाला चारशे लिटर, दिवसभरात सुमारे साडेनऊ हजार लिटर मुरेल. बाजूंनी आणखी थोडे जाईल. म्हणजे पन्नास हजारांपैकी बारा-पंधरा हजार लिटर जमिनीत गेले, बाकीचे भरून वाहिले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पुनर्भरणाचा खड्डा ही टाकी नव्हे, ते दार आहे. दार किती मोठे यापेक्षा दारापलीकडचा खडक किती वेगाने पाणी आत घेतो, याला महत्त्व आहे. आणि तो वेग मोजणे अवघड नाही. ज्या जागी खड्डा करायचा तिथे लहान खड्डा घेऊन पाणी भरावे, जमीन ओली होईपर्यंत दोन-तीनदा भरावे, मग एक खुणेची काठी उभी करून तासाभरात पाणी किती उतरले ते पाहावे. तासाला दोन सेंटीमीटरही उतरत नसेल, तर त्या जागी खर्च करण्यात अर्थ नाही. ही चाचणी जवळपास फुकट असते, तरीही बहुतेक ठिकाणी ती केली जात नाही.

एक भांडुप, तीन उपाय

भांडुप पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेले तर तासाभरात तीन प्रकारची जमीन पायाखालून जाते. एकाच गावात पावसाशी तीन वेगवेगळ्या रीतींनी का वागावे लागते, हे समजायला यासारखी दुसरी जागा नाही.

पहिला पट्टा डोंगराचा. खिंडीपाडा आणि त्याच्या आसपासच्या वस्त्या राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याला, काही तर उतारावरच आहेत. वर जंगल आहे तिथे पालापाचोळा, मुळे आणि माती पाणी धरून ठेवतात. निसर्गाचे पुनर्भरण तिथे चालूच आहे. ते करण्यासाठी आपण जंगल राखावे, एवढेच पुरे. जिथे झाडे गेली आणि घरे आली तिथे मात्र पातळ मातीखाली लगेच खडक लागतो. अशा उतारावर शोषखड्डे काढून पाणी मुरवणे धोक्याचे आहे. माती पाण्याने पूर्ण भरली की तिचे वजन वाढते आणि मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मग दरड खाली येते, नाही तर संरक्षक भिंत पडते. १८ जुलै २०२१ च्या त्याच पहाटे चेंबूरला आणि विक्रोळीला डोंगरउतारावरच्या घरांवर भिंत आणि दरड कोसळून माणसे गेली. म्हणून अशा वस्त्यांत पाणी मुरवण्यापेक्षा ते सुरक्षितपणे उतरवणारी गटारे आणि संरक्षक भिंतींतून पाणी निघण्याची उघडी भोके यांची गरज आहे. पुनर्भरणाच्या उत्साहात हा भेद विसरून चालणार नाही.

दुसरा पट्टा पायथ्यापासून लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आसपासचा. इथे उतार कमी होतो. वरून वाहून आलेली माती आणि मुरूम यांचा थर अनेक ठिकाणी जाड असतो, आणि त्याखाली भेगाळलेला पाषाण. पूर्वी कारखाने होते अशा जागांवर आज उंच इमारती आहेत, बोअर आहेत, काही जुन्या विहिरीही आहेत. भांडुपमध्ये पुनर्भरणाला खरी जागा आहे ती या पट्ट्यात. जुनी विहीर असेल तर ती सर्वांत उत्तम, कारण तिचा मुरमाशी आणि खडकाशी संबंध आधीच जुळलेला असतो. गच्चीचे पाणी गाळून विहिरीत सोडले की वेगळा खड्डा लागत नाही. फक्त एक अट आहे. ही जागा पूर्वी कारखान्याची असेल तर जमिनीत काय मुरलेले आहे, ते आधी तपासायला हवे. दूषित मातीतून पाणी मुरवणे म्हणजे ते दूषण खाली पोहोचवणे.

तिसरा पट्टा रेल्वेच्या पूर्वेकडचा. पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे आणि मग ठाण्याची खाडी. मिठागरे जिथे झाली तिथली माती पाणी मुरू देत नव्हती, म्हणूनच तर मीठ पिकले. खाडीचा हा चिखल अतिशय बारीक कणांचा असतो, त्यातून पाणी खाली जात नाही. शिवाय भूजलाची पातळी इथे पावसाळ्यात जमिनीलगत येते. भरलेल्या रांजणात आणखी पाणी कुठे ओतणार? अशा ठिकाणी खड्डे करून पैसे घालवू नयेत. सरळ टाकी बांधावी, गच्चीचे पाणी साठवावे आणि संडास, बाग, धुणे यांना वापरावे.

याच पट्ट्यात आणखी एक संकट आहे, ते खाऱ्या पाण्याचे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. चाळीस लिटर खाऱ्या पाण्याचे वजन साधारण एकेचाळीस लिटर गोड्या पाण्याइतके भरते. त्यामुळे किनाऱ्याजवळ गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी पाणी गोड. त्याच्या मागे हेच तत्त्व आहे. पण या तत्त्वाची दुसरी बाजू कडक आहे. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर गोडे पाणी खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत टिकते. उपसा करून ती पातळी एक मीटरने खाली आणली, तर खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकते. भेगांच्या खडकात हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच राहते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज परगण्यात खारे पाणी आत घुसू लागले, तेव्हा १९७० च्या दशकापासून किनाऱ्याजवळच्या विहिरींच्या रांगेतून शुद्ध केलेले सांडपाणी जमिनीत सोडून गोड्या पाण्याची भिंत उभी करण्यात आली. ते काम खर्चिक आहे आणि कायम चालू ठेवावे लागते. आपल्याला त्या वाटेला जायचे नसेल, तर खाडीजवळच्या बोअरवर संयम हा सर्वांत स्वस्त उपाय.

गाळ हा शत्रू

आता समजा, जागा योग्य निवडली, खड्डा योग्य मापाचा केला. तरी दोन-तीन पावसाळ्यांत तो निकामी होऊ शकतो. कारण गाळ. गच्चीवर धूळ असते, पक्ष्यांची विष्ठा असते, पाने असतात, आणि आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर सिमेंटची भुकटीही असते. हे सगळे पाण्याबरोबर खाली येते आणि मुरमाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. एकदा ही छिद्रे बुजली की ती पुन्हा मोकळी करणे फार कठीण. बोअरच्या बाबतीत तर जवळजवळ अशक्य.

माझ्या परिचयाच्या एका सोसायटीत असाच प्रकार पाहिला. इमारत बांधताना नियमाप्रमाणे खड्डा झाला होता, कागदावर त्याची नोंद होती. चार वर्षांनी पाणी अंगणात तुंबू लागले म्हणून शोध घेतला, तर खड्ड्याचे झाकण एका गाडीच्या खाली होते. झाकण उघडले तेव्हा वाळूवर फूटभर राखाडी चिखल साचून त्याची खपली झाली होती. खड्डा होता, पण तो एक थेंबही पीत नव्हता. दोष कुणा एकाचा नव्हता. खड्डा दरवर्षी साफ करायचा असतो, हे त्या सोसायटीला कोणी सांगितलेच नव्हते.

मुंबईत २००२ सालापासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलसंधारण सक्तीचे झाले. नियम चांगला आहे. पण नियम खड्डा बांधायला लावतो, तो वर्षानुवर्षे पाणी पीत राहील याची खात्री देत नाही. ती जबाबदारी राहणाऱ्यांची.

गाळापेक्षाही गंभीर गोष्ट घाणीची. माती आणि मुरूम यांतून हळूहळू झिरपताना पाणी बऱ्यापैकी गाळले जाते, पुष्कळसे जंतू वाटेत अडकतात. पण तेच पाणी थेट बोअरमध्ये सोडले, तर ही नैसर्गिक गाळणी आपण टाळतो. भेगांमधून ते क्षणात दूरवर पोहोचते. म्हणून बोअरमध्ये सोडायचे पाणी फक्त गच्चीचे असावे, आणि तेही गाळलेले. रस्त्याचे, गाड्या उभ्या राहतात त्या जागेचे तेलकट पाणी तिथे कधीही जाता कामा नये. पुनर्भरणाचा खड्डा सांडपाण्याच्या वाहिनीपासून लांब हवा. गळक्या गटारांतून शहरात नकळत एक पुनर्भरण चालूच असते, त्यात आपण भर घालू नये. म्हणूनच पुनर्भरण केलेल्या बोअरचेही पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये.

खड्ड्यात पाणी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त साचून राहत असेल तर डासांचा प्रश्न येतो. मुंबईला हा धडा जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचा शोध घेतला. १९११ च्या त्यांच्या अहवालाने डासांच्या पैदाशीचे बोट विहिरींकडे दाखवले आणि त्यानंतर शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. त्या विहिरींबरोबर भूजल डोळ्यांनी पाहण्याची आपली सवयही गेली. झाकण बसवलेली, जाळी लावलेली विहीर डासांना जागा देत नाही. पण तेवढी तसदी घ्यायला हवी.

साठवलेले पाणी कोणाचे?

आता सुरुवातीचा आकडा आठवा. शंभर लिटर खडकात दोन लिटर पाणी. आपल्या सोसायटीचा भूखंड हजार चौरस मीटरचा आहे असे धरू. गच्चीचे आठ लाख लिटर पाणी फक्त आपल्या भूखंडाखाली साठवायचे ठरवले, तर भूजलाची पातळी चाळीस मीटर वर यायला हवी. म्हणजे तेरा मजली इमारतीइतकी! हे शक्यच नाही. पाणी बाजूला पसरते, शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जाते, उताराने खाडीकडे सरकते. आपण मुरवलेले पाणी कदाचित पलीकडच्या गल्लीतला टँकरवाला उपसत असेल. जलधराला सोसायटीची कुंपणभिंत ठाऊक नसते.

त्यामुळे एकट्या सोसायटीने कितीही केले तरी हिशेब जुळत नाही. खेड्यांनी हा अनुभव आपल्या आधी घेतला आहे. केंद्रीय भूजल मंडळाने १९९० च्या दशकात अमरावती जिल्ह्यातल्या वरुड आणि जळगाव जिल्ह्यातल्या यावल या तालुक्यांत पुनर्भरणाचे पथदर्शी प्रयोग केले. वरुड हा संत्र्यांचा बसाल्टी प्रदेश, यावल हा तापीकाठचा गाळाचा. दोन्हीकडे उपसा वाढून पातळी खाली गेली होती. पाझर तलावांसारख्या कामांनी आसपासच्या विहिरींना फायदा होतो, हे दिसले. पण मुरवणारे पाच आणि उपसणारे पन्नास असतील तर पातळी खालीच जाणार, हे साधे गणित कोणत्याही तलावाला चुकवता आलेले नाही.

अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या हिवरे बाजारने ते गणित उलट्या बाजूने सोडवले. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, आणि त्यानंतर गावाने चर खणले, बांध घातले, झाडे लावली, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, असे गावाने ठरवले, आणि पाऊस किती पडला, त्यात कोणती पिके घेता येतील, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. जमिनीत पाणी घालणे हे अर्धे काम. ते किती काढायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवणे, हे उरलेले अर्धे.

भांडुपमध्ये ग्रामसभा नाही, पण गल्ली आहे, सोसायट्यांचे संघ आहेत. एका गल्लीतल्या दहा सोसायट्यांनी आपापल्या बोअरची पाण्याची पातळी महिन्यातून एकदा मोजून एका वहीत लिहिली, तर दोन वर्षांत त्यांना आपल्या जलधराची नाडी कळेल. मोजायला दोरीला बांधलेले वजनही पुरते.

त्या वहीत एक गोष्ट हमखास दिसेल. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पातळी बरीच वर येते आणि मग थांबते. रांजण भरला. त्यानंतर मुरवलेले पाणी नाल्यात परत बाहेर पडते. म्हणून मुंबईत पुनर्भरणाचा लाभ दोनदा जास्त होतो. एक सुरुवातीच्या पावसात, जेव्हा खडक रिकामा असतो, आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात, जेव्हा पातळी उतरू लागलेली असते. मधल्या काळात विहिरीचे पाणी भरपूर वापरावे, नळाचे तेवढे वाचवावे. खडकात जागा होईल, पुढचा पाऊस त्यात मावेल. आपण नेमके उलटे करतो. पावसाळ्यात विहिरीकडे बघतही नाही आणि एप्रिलमध्ये तिचा तळ खरवडतो.

जूनच्या आधी

शेवटी, घरी जाऊन काय करायचे? मे महिन्यात गच्ची झाडून घ्यावी. पन्हळींच्या तोंडाशी जाळी लावावी. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी गटारात सोडता येईल अशी झडप पाइपला असावी, नसेल तर बसवून घ्यावी. खड्ड्याचे झाकण शोधून काढावे, त्यावर गाडी उभी राहत असेल तर ती हलवावी. वरची वाळू बाहेर काढून धुवावी किंवा नवी घालावी. त्याखालची खडी दोन-तीन वर्षांनी धुतली तरी चालते. पहिल्या मोठ्या पावसानंतर खड्डा किती तासांत रिकामा होतो ते पाहावे. पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर गाळ बसला आहे असे समजावे. आणि घर डोंगराच्या उतारावर किंवा खाडीच्या काठाला असेल, तर खड्ड्याचा विचार सोडून अनुक्रमे गटारे आणि टाकी यांकडे लक्ष द्यावे.

मुंबईची तहान भूजलावर भागणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. शहराला रोज जेवढे पाणी लागते त्यासमोर आपल्या खडकाचे पोट फार लहान आहे. पिण्याचे पाणी वैतरणा-भातशाकडूनच येणार. पण बागेला, संडासाला, फरशी धुवायला आपण शहापूरच्या डोंगरातून आणलेले आणि भांडुपला शुद्ध केलेले पाणी वापरतो, ते तरी थांबवता येईल. तेवढे पाणी वाचले, तर धरण उशाशी असूनही हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातले काही यावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला येईल. आज तो आपल्याला नाही.